शू आली, शी आली: हे सांगता येण्याआधी मुलाच्या शरीरात काय काय घडावं लागतं

माझी मुलगी सव्वादोन वर्षांची होती. एका दुपारी ती पॉटीवर बसली, मी शेजारी जमिनीवर बसून तिला गोष्ट सांगत होते. गोष्ट संपली, दुसरी झाली, काहीच होईना. शेवटी मी तिला उठवलं, चड्डी घातली, आणि दोन मिनिटांच्या आत गादी ओली. मी चिडले. "आत्ता तर बसली होतीस ना इतका वेळ! तेव्हा का नाही केलीस?" ती माझ्याकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. मी का रागावले आहे ते तिला खरंच कळलेलं नव्हतं.

त्या दिवशी मला एक साधी गोष्ट माहीत नव्हती. रोखून धरणं आणि हवं तेव्हा सैल सोडणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि बऱ्याच मुलांना दुसरं उशिरा जमतं. पॉटीवर बसलं की सगळ्यांचे डोळे आपल्यावर, आई आशेने बघतेय, खाली काहीतरी अनोळखी. स्नायू आखडलेलेच राहतात. उठून खेळात मन गुंतलं की ते आपोआप सैल पडतात आणि मग शू होते. हे मुद्दाम केल्यासारखं दिसतं, पण ते मुद्दाम नसतं. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. बाकीचा, शरीर कसं चालतं ते वाचल्यावर गेला. म्हणून आधी तेच सांगते.

पिशवी, दोन दारं आणि एक निरोप

मूत्रपिंडांत लघवी सतत तयार होत असते आणि थोडी थोडी मूत्राशयात उतरत राहते. मूत्राशय म्हणजे ताणली जाणारी स्नायूंची पिशवी. तिच्या तोंडाशी दोन दारं आहेत असं समजा. आतलं दार आपल्या हुकमात नाही, ते आपलं आपण चालतं. बाहेरचं दार मात्र आपण मनाने आवळू शकतो. पिशवी भरत आली की तिची भिंत ताणली जाते आणि त्या ताणाचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो.

तान्ह्या बाळात हा निरोप पोचला तरी त्यावर बाळाचा हुकूम चालत नाही. पिशवी ठरावीक भरली की भिंत आकसते, दारं उघडतात, काम होतं. नवजात बाळ दिवसाला वीसेक वेळा शू करतं ते यामुळेच. पुढच्या दोन-तीन वर्षांत पिशवी मोठी होते, शूच्या वेळा जवळपास निम्म्यावर येतात आणि मेंदूचा वरचा, विचार करणारा भाग या कारभारात लक्ष घालू लागतो. पिशवीत किती मावतं याचा अंदाज घ्यायला डॉक्टर एक सोपं सूत्र वापरतात: वयात एक मिळवा आणि 30ने गुणा, तितके मिलिलिटर. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचे साधारण 150 मिलिलिटर, एक छोटा पेला. त्याहून लहान मुलाचं आणखी कमी. "आत्ताच तर गेला होतास" असं आपण म्हणतो तेव्हा ही पिशवी केवढीशी आहे ते डोळ्यांसमोर आणावं.

आता मुलाला काय काय यावं लागतं ते बघा. आत काहीतरी होतंय हे जाणवलं पाहिजे. ते जाणवणं म्हणजे शू, हे ओळखता आलं पाहिजे. हातातला खेळ सोडायला मन तयार झालं पाहिजे. तोवर बाहेरचं दार आवळून धरायचं, चालत जायचं, चड्डी खाली करायची, तोल सांभाळून बसायचं, आणि इतकं सगळं झाल्यावर आवळलेलं ते दार पुन्हा सैल सोडायचं. मोठ्यांना हे एकच काम वाटतं, कारण आपल्याला त्यातलं काहीही वेगळं जाणवत नाही.

मुलाची गाडी कुठवर आली आहे हे त्याच्या बोलण्यातून छान कळतं. सुरुवातीला मूल म्हणतं, "शू केली." चड्डी ओली झाल्यावर, शांतपणे. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, भर खेळात थबकून खाली बघत म्हणतं, "शू होतेय." आणि मग एक दिवस येतो तो शब्द: "शू आली." मराठीत 'शू आली' म्हणजे अजून व्हायची आहे! निरोप पोचला आहे आणि दार धरून ठेवलं आहे, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. म्हणून "शू केली"ला रागावू नये. उशिरा आलेला निरोपही निरोपच आहे. "कळलं का तुला? छान, चल चड्डी बदलू" एवढं पुरतं.

कधी सुरुवात करायची

"तू तर वर्षाची असताना सांगायचीस," हे वाक्य मी आईकडून इतक्या वेळा ऐकलं की मला माझ्याच मुलीची काळजी वाटायला लागली होती. या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या एका दीर्घ अभ्यासात सापडलं. बालरोगतज्ज्ञ रेमो लार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन पिढ्यांतली मुलं जन्मापासून अनेक वर्षं पाहिली. 1950च्या दशकातल्या पहिल्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्या मुलांना पहिल्या वाढदिवसाच्या आतच पॉटीवर बसवायला सुरुवात झाली होती. दुसऱ्या पिढीत हीच सुरुवात एक वर्षाहून जास्त पुढे ढकलली गेली होती. 1996मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: सुरुवातीत इतका फरक असूनही लघवीवरचा पूर्ण ताबा दोन्ही पिढ्यांना जवळपास एकाच वयात आला. घरातल्यांची मेहनत मात्र पहिल्या पिढीत कितीतरी जास्त.

मग वर्षाची मुलं 'सांगायची' ते काय होतं? ते खोटं नव्हतं. बाळाला ठरावीक वेळी धरून बसवलं, दर वेळी तोंडाने एकच आवाज केला, तर बाळ त्या आवाजाशी आणि त्या बसण्याशी शूची सांगड घालतं. आईही बाळाचं कण्हणं, पाय हलवणं, गप्प होणं वाचायला शिकते. कपडे कमी ओले होतात, आणि ज्यांना ते जमतं त्यांनी ते जरूर करावं, त्यात वाईट काही नाही. फक्त त्या वेळी निरोप वाचणारी आई असते. मुलाने स्वतः ओळखून, धरून, स्वतःहून जाणं ही पुढची पायरी आहे आणि ती ज्या वयात यायची त्याच वयात येते.

मुलाच्या कलाने घ्यावं, हा विचार ज्यांच्यामुळे रुजला ते अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन. 1962मध्ये त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या 1170 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी 28.5 महिन्यांना आला. सरासरी हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे कितीतरी मुलं त्यानंतर शिकली. 2003मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. 27 महिन्यांच्या आत ज्यांना नेटाने, म्हणजे दिवसातून तीनहून जास्त वेळा पॉटीला नेऊन शिकवायला सुरुवात केली, त्यांची शिकवणी जास्त महिने चालली. लवकर सुरू केली म्हणून ती लवकर संपली असं दिसलं नाही. लवकर सुरुवात केल्याने मुलांना काही अपाय झाल्याचंही दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी तयार होतात. कॅलेंडर बघण्यापेक्षा मूल बघावं. डायपर सलग दोन तास कोरडा राहतो का? शीची वेळ साधारण ठरलेली आहे का? ओलं झालेलं त्याला नकोसं वाटतं का? 'बूट आण आणि दाराशी ठेव' अशी दोन टप्प्यांची सूचना त्याला कळते का? आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण: शी करायला ते कोपऱ्यात, पडद्यामागे, टेबलाखाली जातं का? लपणारं मूल आपल्याला सांगत असतं की काय होणार आहे ते त्याला आधी कळतंय.

घरात नवीन बाळ येणार असेल, घर बदलायचं असेल, मूल नुकतंच आजारातून उठलं असेल, तर थांबावं. शिकलेलं मूलसुद्धा अशा वेळी मागे जातं. काही आठवडे शांतपणे काढले की बहुधा पूर्ववत होतं.

प्रत्यक्षात

साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. छोटी पॉटी घ्या किंवा मोठ्या कमोडवर बसणारी लहान सीट, दोन्ही चालतं. एकच अट मी सोडणार नाही: पाय टेकले पाहिजेत. लोंबकळत्या पायांनी मूल तोल सांभाळायला मांड्या आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरतं, आणि तेच स्नायू तर सैल सोडायचे असतात. शिवाय गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले की गुदाशयाचा वाकलेला मार्ग सरळ होतो आणि शी सोपी होते. म्हणून मोठ्या सीटवर बसवत असाल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. उकिडवं बसल्यावर हे आपोआप साधतं. मुलग्यांनीही आधी बसूनच शिकावं, उभ्याने शू करणं नंतर सहज येतं. मुलींना पुसताना पुढून मागे पुसायचं, म्हणजे शीतले जंतू लघवीच्या वाटेला लागत नाहीत. चड्डी इलॅस्टिकची, मुलाला स्वतःला खाली करता येईल अशी.

वेळ कोणती? जेवणानंतरची. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, ही शरीराची उपजत क्रिया आहे. जेवण झाल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी बसवलं तर शरीरच मदत करतं. बसायचं पाच मिनिटं, फार तर. माझी ती गोष्टींची लांबलचक दुपार म्हणजे कसं करू नये याचा नमुना होता.

"शू आली का?" असं विचारायचं मी हळूहळू बंद केलं. या प्रश्नाला दोन-अडीच वर्षांच्या मुलाचं ठरलेलं उत्तर "नाही" असतं, पाय आवळून उभं असलं तरी. त्याऐवजी "आता जेवण झालं, शूला जायची वेळ" असं नुसतं सांगावं. किंवा, जे मला अधिक आवडतं, त्याला त्याचं शरीर दाखवावं: "तू पाय हलवतोयस, बहुतेक शू तुला हाक मारतेय." मुलाला निरोप ओळखायचा आहे. दर अर्ध्या तासाने आपणच उचलून नेलं तर पिशवी भरल्याची जाणीव व्हायला त्याला वावच उरत नाही.

कौतुक करावं, पण जे केलं त्याचं. "तू स्वतः सांगितलंस, धावत आलास" असं. टाळ्यांचा गजर आणि दर शूला बक्षीस केलं तर कोरड्या दिवशी आई खूश आणि ओल्या दिवशी नाराज, हे मूल लगेच शिकतं आणि पॉटीचं ओझं होतं. ओली चड्डी बदलताना मुलाने हात लावावा, कपडा बादलीत टाकावा. शिक्षा म्हणून अजिबात नाही, आपलं काम म्हणून.

आणि मारणं, कोंडणं, चारचौघांत लाजवणं, कधीही नाही. हे मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. मुलांच्या वाढीत ज्या टप्प्यांवर मोठ्यांचा हात सर्वाधिक उठतो त्यात हा टप्पा बालरोगतज्ज्ञ आवर्जून मोजतात. थकलेली आई, ओली गादी, आणि 'हे मुद्दाम करतंय' हा समज, एवढं त्याला पुरतं. घाबरलेल्या मुलाचे स्नायू आवळलेलेच राहतात, म्हणजे नेमकं जे शिकायचं तेच अशक्य होतं. राग अनावर होत असेल तर सरळ डायपर घाला आणि महिनाभर विषय काढू नका. त्यात हार काही नाही.

शीचं दुष्टचक्र

लोक शूची काळजी करतात, पण खरी गाठ बसते ती शीपाशी. शू पॉटीत करणारं, पण शी आली की डायपर मागणारं मूल घराघरांत सापडतं. 1997च्या एका अमेरिकी अभ्यासात पाचातल्या एका मुलाने किमान महिनाभर असा नकार दिला होता.

कारणं मुलाच्या बाजूने पाहिली तर पटतात. शू पातळ, पटकन होऊन जाते. शी म्हणजे आपल्या आतून काहीतरी बाहेर पडतंय, ते पाण्यात पडून आवाज होतो, पाणी उडतं, आणि मग मोठ्ठा आवाज करत ते नाहीसं होतं. काही मुलांना तो आपलाच भाग गेल्यासारखा वाटतो. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करावा, किंवा त्यालाच 'टाटा' करून दाबू द्यावा.

पण सर्वात मोठं कारण म्हणजे दुखणं. एकदा कडक शी झाली, दुखलं. मूल ठरवतं, पुन्हा नाही. पुढच्या वेळी निरोप आला की ते आवळून धरतं. धरलेली शी मोठ्या आतड्यात पडून राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते. मग जेव्हा होते तेव्हा आणखी दुखते. मुलाची भीती खरी ठरते.

हे पुष्कळ दिवस चाललं की गुदाशय ताणून सैल पडतो. ताणलेल्या पिशवीला भरल्याचं कळत नाही, मेंदूकडे निरोप जाणंच कमी होतं. अडकलेल्या घट्ट शीच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागते आणि घरातल्यांना वाटतं, जुलाब झालेत किंवा मूल आळशी आहे. मुलाला ते कळलेलंही नसतं, थांबवणं तर दूरच. भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर रेटतो, त्यामुळे शूचे अपघातही वाढतात. कोरडं झालेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं तर मी आधी शीची चौकशी करीन.

इथे एक खूण नेमकी उलटी वाचली जाते. मूल टाचा उचलून उभं राहतं, पाय एकमेकांवर घट्ट घेतं, कशाला तरी धरून ताठ होतं, चेहरा लाल. आपण म्हणतो, "बघा, बिचारं किती जोर लावतंय." बहुतेक वेळा ते जोर लावत नसतं, जिवाच्या आकांताने रोखत असतं.

अशा वेळी पॉटीचा आग्रह पूर्ण बंद. मागेल तर डायपर द्यावा. शी होणं जास्त महत्त्वाचं आहे, ती कुठे होते हे नंतर बघता येईल. पाणी पुरेसं, जेवणात तंतुमय पदार्थ आणि फळं, आणि दिवसभर दुधावरच भागवत असेल तर दूध बेताचं. मात्र चक्र एकदा सुरू झालं की नुसत्या आहाराने ते सहसा तुटत नाही. डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात आणि ते बऱ्याचदा काही महिने चालू ठेवायला सांगतात, कारण ताणलेला गुदाशय मूळ आकाराला यायला आणि मुलाच्या मनातून दुखण्याची आठवण जायला तेवढा वेळ लागतो. चार दिवस बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनाने थांबवणं ही इथली नेहमीची चूक. दुखत नाही याची खात्री पटली की मग डायपर घालूनच पण बाथरूममध्ये, मग डायपर घालून पॉटीवर बसून, असं एकेक पाऊल पुढे जाता येतं.

रात्र हा वेगळाच विषय

दिवसाचं शिकवता येतं, रात्रीचं नाही. झोपेत कोरडं राहायला शरीराच्या दोन गोष्टी पिकाव्या लागतात. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटून लघवी कमी तयार व्हायला हवी, आणि पिशवी भरल्याचा निरोप गाढ झोपेतून जागं करण्याइतका मोठा व्हायला हवा. नाहीतर निदान रात्रभराची लघवी मावेल एवढी तरी पिशवी हवी. यातलं काहीही मुलाच्या मनावर अवलंबून नाही.

पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण 15 टक्के रात्री अंथरूण ओलं करतात. पुढे दर वर्षी त्यातल्या साधारण सातातल्या एकाचं काही न करता थांबतं. यात घराण्याचा वाटाही मोठा आहे: आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता 44 टक्के, दोघांनाही असेल तर 77 टक्के. म्हणून पाच वर्षांच्या आत याला आजार म्हणतच नाहीत. गादीवर पाणी न झिरपणारी चादर घाला, झोपण्याआधी शूला न्या, आणि निर्धास्त राहा. मध्यरात्री झोपेतल्या मुलाला उचलून नेलं तर चादर वाचते, पण मूल त्यातून काही शिकत नाही. दिवसभराचं पाणीही तोडू नये. पाच-सहा वर्षांनंतर मुलाला स्वतःला त्याचं वाईट वाटत असेल तर त्यावर उपचार आहेत, ओलं होताच वाजणारा अलार्म त्यातला एक. डॉक्टरांना विचारावं.

वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं ते अशा वेळी: शू करताना जळजळ होते किंवा सोबत ताप आहे, शू सतत थेंबथेंब गळते किंवा धार बारीक आहे, शीत रक्त दिसतं, किंवा चार वर्षं उलटूनही दिवसा ताबा आलेला नाही. बरेच महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, आणि त्याच सुमारास त्याला खूप तहान लागते, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी जावं, कारण लहान मुलांतला मधुमेह अशाच वाटेने समोर येतो. जाताना दोन-तीन दिवसांची नोंद सोबत न्यावी: शू किती वाजता झाली, शी कधी झाली, ती मऊ होती की खड्यांसारखी, काय आणि किती प्यायलं. दवाखान्यात आयत्या वेळी यातलं काहीच नीट आठवत नाही, आणि डॉक्टर पहिले प्रश्न हेच विचारतात.